कलेचा इतिहास शिकायचाय: क्लास लावू की गॅलऱ्या फिरू?

प्रश्न विचारणाऱ्या ताई डोंबिवलीला राहतात, बँकेत नोकरी करतात. दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार, एवढाच वेळ हातात. कलेचा इतिहास शिकायचा म्हणून एक रेकॉर्ड केलेला ऑनलाइन कोर्स घेतला, तो सहाव्या व्हिडिओला सुटला. दोनदा संग्रहालयात जाऊन आल्या; दोन्ही वेळा वीस मिनिटांत पाय दुखायला लागले आणि सगळ्या मूर्ती एकसारख्या दिसायला लागल्या. आता त्यांचं म्हणणं असं, की पैसे घालायचेच तर लहान गटाच्या क्लासमध्ये घालू की जाणकारांबरोबरच्या गॅलरीफेऱ्यांमध्ये? चित्र काढता येत नसेल तर हे आपल्यासाठी आहे का? आणि नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर आणलं तर चालेल का?

मी सतरा वर्षं मुंबईत हेच काम करते. आठवड्याला दोन वर्ग, महिन्याला दोन-तीन फेऱ्या, गटात बारापेक्षा जास्त माणसं नाहीत. तेव्हा माझं उत्तर माझ्या धंद्याच्या बाजूनं थोडं झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

चित्र काढता न येण्यानं काही अडत नाही. गाण्यात तानसेन नसलेले कानसेन असतात, तसंच हे. फक्त एक वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. मूर्तीसमोर उभं राहून दोन मिनिटं वेडंवाकडं रेखाटन केलंत की आपण काय पाहिलंच नव्हतं ते लगेच कळतं. कमरेचा बाक कुठल्या बाजूला आहे, वजन कुठल्या पायावर आहे, चौथ्या हातात नक्की काय आहे, हे प्रश्न पेन्सिल टेकवल्याशिवाय पडत नाहीत. ते रेखाटन कुणाला दाखवायचं नाही. माझं मी आजही दाखवत नाही.

आता तो वीस मिनिटांचा कंटाळा. तो माझ्या फार ओळखीचा आहे. डोळ्यांना काम दिलेलं नसतं, म्हणून पाय दुखायला लागतात. संग्रहालयात आपण बहुतेक जण काय करतो? आधी लेबल वाचतो. 'विष्णू, अकरावं शतक, वालुकाश्म.' मग वर एक नजर, हो, विष्णू आहे, आणि पुढच्या लेबलकडे. मूर्तीपेक्षा पुठ्ठ्याचा तुकडा जास्त वेळ पाहिला जातो. अशा चाळीस वस्तू झाल्या की डोकं भरलेलं आणि डोळे उपाशी. व्हिडिओ कोर्सचंही तेच झालं असणार. सनावळी लक्षात राहत नाही म्हणून माणसं स्वतःला दोष देतात. पण जी वस्तू तुम्ही कधी निवांत पाहिलेलीच नाही, तिचा सन कशावर अडकवून ठेवणार? खुंटीच नाही तर सदरा खालीच पडणार.

म्हणून क्लास की फेरी, यातलं एकच निवडू नका. दोन्ही एकाआड एक करा. मात्र दोन्हीकडे तुम्हाला बोलायला मिळालं पाहिजे, ही अट ठेवा. गट लहान हवा तो याच कारणासाठी. बाकी सगळं परिस्थितीवर आहे, त्याकडे पुढे येते.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही, चुकून शिकले. पहिल्या वर्षी एकदा अठ्ठावीस जणांना घेऊन दोन तासांत बावीस वस्तू 'उरकल्या' होत्या. घसा बसला, टाळ्या मिळाल्या. निघताना एका निवृत्त काकांनी फार सभ्यपणे विचारलं, "मॅडम, लघुचित्र म्हणजे आकारानं लहान म्हणून लघु, बरोबर ना?" गाडी पकडायची घाई होती, मी "हो हो" म्हणून मोकळी झाले. लोकलमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की त्या सकाळी विचारलेला हा एकमेव खरा प्रश्न होता आणि त्याचं मी चुकीचं उत्तर दिलं.

गंमत अशी आहे. इंग्रजी 'मिनिएचर' हा शब्द लॅटिन 'मिनियम'वरून आला, आणि मिनियम म्हणजे आपला शेंदूर. युरोपात हस्तलिखितांची पहिली अक्षरं शेंदरी रंगानं रंगवत, त्या कामावरून तो शब्द आला. पुढे त्याचा 'मिनी'शी घोळ झाला आणि आपण तो घोळच भाषांतरित करून 'लघुचित्र' केलं. आता शब्द रुळलाय, बदलायचं कारण नाही. पण अकबराच्या चित्रशाळेत कापडावर रंगवलेल्या हम्झानामा या सचित्र कथाग्रंथाची पानं दोन फुटांहून उंच आहेत, त्यांना लघु कसं म्हणणार? मुद्दा मापाचा नाहीच. ही चित्रं भिंतीवर टांगायची नव्हती. ती मांडीवर किंवा हातात धरून, वीतभर अंतरावरून वाचायची होती.

एवढं कळलं की शरीरच वेगळं वागायला लागतं. त्यानंतर माझ्या फेरीत लघुचित्रांसमोर पहिली सूचना असते, "गुडघे वाकवा." हसतात लोक, पण वाकवतात. कागद मागच्या बाजूनं अकीक दगडानं घोटलेला असतो, त्यामुळे रंगाला एक चकाकी येते. सोनं वापरलेलं असतं, आणि पान हातात हलवलं की ते मधेच चमकावं ही चित्रकाराची योजना असते. काचेपलीकडचं पान तर हलवता येत नाही, मग आपणच हलायचं. खाली वाकून हळूच वर आलात की एखाद्या दागिन्यावरचं, जरीच्या काठावरचं सोनं लकाकून जातं. मागे सहा जण "आहा" करतात. पडद्यावर हे कधीच दिसणार नाही.

स्लाइडचा मोठा दोष हाच, की ती सगळं एकाच मापाचं करून टाकते. वीतभर पान आणि वेरूळचं कैलास लेणं लॅपटॉपवर सारख्याच चौकटीत बसतात. वस्तूसमोर उभं राहण्याला पर्याय नाही, असं मी म्हणते ते एवढ्यासाठी. प्रत्यक्ष पाहण्यातला भक्तिभाव वगैरे मला फारसा पटत नाही. माप, अंतर, प्रकाश आणि पृष्ठभाग या चार गोष्टी तिथेच कळतात, इतकंच.

मग क्लास कशाला? तर गॅलरीत दोन गोष्टी शेजारी आणता येत नाहीत. मुंबईतलं पान आणि लंडनमधलं पान, गांधारचा बुद्ध आणि मथुरेचा बुद्ध, एकमेकांशेजारी ठेवून बघायला पडदाच लागतो. हाइनरिश व्होल्फ्लिन या स्विस कला-इतिहासकाराने दोन प्रोजेक्टर लावून चित्रं शेजारी शेजारी दाखवत शिकवण्याची पद्धत रूढ केली. आज शंभराहून जास्त वर्षांनी आम्ही सगळे तेच करतो, फक्त यंत्र बदललं. शेजारी ठेवलं की फरक आपोआप बोलायला लागतो. गांधारच्या बुद्धाच्या वस्त्राला जाड, खोल चुण्या. मथुरेचं वस्त्र अंगाला असं चिकटलेलं की कधी कधी ते आहे हे खांद्यावरच्या रेषेवरूनच कळतं. हे सांगावं लागत नाही. मी विचारते, "थंडी कुणाला वाजतेय?" पुढचा अर्धा तास वर्ग स्वतःच चालतो.

घारापुरीचं उदाहरण देते, कारण तिथे क्लास आणि फेरी एकमेकांवाचून अपुरे कसे पडतात ते फार स्वच्छ दिसतं. वर्गात आम्ही आधी मुख्य लेण्याचा फक्त तलविन्यास बघतो. कागदावर खांबांचे ठिपके आणि दारं. मग रविवारी बोटीनं जातो, पायऱ्या चढतो आणि उत्तरेच्या दारातून आत शिरतो. समोर, पार दक्षिणेच्या भिंतीत, तो सुमारे साडेपाच मीटर उंच, तीन मुखांचा सदाशिव. सगळी गर्दी सरळ त्याच्याकडे ओढली जाते. तिथे माझा नियम: दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, मीही नाही. मग प्रत्येकानं एकच वाक्य सांगायचं, जे दिसलं तेवढंच. 'त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश' हे ऐकीव वाक्य चालणार नाही.

कुणी म्हणतं, आपल्या डावीकडच्या चेहऱ्याला मिशी आहे आणि हातात साप. कुणाला उजवीकडचा चेहरा बाईचा वाटतो, हातात कमळ. मधला मिटल्या डोळ्यांचा. मग मी विचारते, हे तीन देव वाटतात की एकाच्याच तीन मनःस्थिती? तिथून अघोर, तत्पुरुष आणि वामदेव या शिवाच्याच मुखांच्या नावांपर्यंत पोचायला पाच मिनिटं लागतात, आणि तेव्हा ती नावं कुणी विसरत नाही. मागचा चेहरा डोंगरातच राहिलाय हेही कुणाच्या तरी लक्षात येतं.

त्यानंतर पिशवीतून तलविन्यासाचा कागद काढायचा. आता तो वेगळा दिसतो. उजव्या हाताला, पश्चिमेकडे, चार दारांचं गर्भगृह आहे, प्रत्येक दारावर द्वारपाल आणि आत शिवलिंग. उत्तरेकडून आलेल्यांना ते बाजूला पडल्यासारखं वाटतं, बरेच जण तर त्यात डोकावतही नाहीत. पण पूर्वेच्या दारातून आत या, म्हणजे लिंग थेट समोर येतं आणि सदाशिव बाजूला जातो. एकाच लेण्यात दोन दिशा, दोन केंद्रं. हे वर्गात सांगितलं तर माहिती होते. तिथे पूर्वेच्या दारापर्यंत स्वतः चालत जाऊन वळून बघितलं की अंगावर येतं. मात्र आधी कागद बघितला नसता तर तिथपर्यंत चालत कुणी गेलंच नसतं.

(सोमवारी लेणी बंद असतात. आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो आता बेटावर नाही. तो भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेत उभा आहे. काळा घोडा चौकातून १९६५ साली हलवलेला तो मूळ काळा घोडाही तिथेच.)

थोडक्यात एवढं: क्लासमध्ये तुलना आणि संदर्भ मिळतात, फेरीत माप आणि वस्तू मिळते, आणि दोन्हीकडे आधी दिसलेलं सांगायचं, नाव नंतर.

आता क्लास निवडायचा कसा. जाहिरातीत 'आदिमानवापासून आजपर्यंत, दहा तासांत' असं असेल तर पैसे वाचवा. पहिल्या फोनवर दोन गोष्टी विचारा: गटात किती जण, आणि वस्तू किती दाखवणार? पहिला आकडा पंधराच्या आत हवा. दुसरा जितका लहान तितकं चांगलं. माझ्या दोन तासांच्या फेरीत हल्ली सहा वस्तू असतात, कधी कधी चारच होतात. 'सहा वस्तूंचे एवढे पैसे?' असं एका गृहस्थांनी तोंडावर विचारलं होतं, त्यांचा राग मला समजू शकतो. शिक्षक कधी 'हे मला माहीत नाही, शोधून सांगते' म्हणतात का, तेही एका तासात कळतं. मी स्वतः विद्यार्थिनी असताना एका फेरीत आमच्या वाटाड्यांनी प्रत्येक लेबल मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, शेवटपर्यंत. आम्हाला साक्षर समजायला हरकत नव्हती.

तुमच्या बाबतीत मी असं सुचवेन. लगेच फी भरू नका. पहिला रविवार बिनपैशाचा घालवा, रस्त्यावर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा आणि चालत किंवा बसनं गेटवेला या. गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि त्याच्या समोरच रस्त्यापलीकडे सर कावसजी जहांगीर सभागृह, जिथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिन्ही इमारती दहा मिनिटांच्या चालीत, आणि तिन्ही एकाच वास्तुकाराच्या, जॉर्ज विटेटच्या. सभागृह १९११ चं, पाश्चात्त्य अभिजात वळणाचं. वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडलं. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाकडे बघून केलेला, दगड कुर्ल्याचा निळसर बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर. गेटवे १९२४ ला पुरा झाला, त्याच्या कमानींत सोळाव्या शतकातला गुजरात आहे. एक माणूस तीन भाषांत का बोलला? कोणासाठी बांधत होता? वस्तुसंग्रहालयाला घुमट का हवा होता, आणि सभागृहाला का नको? उत्तरं आधी वहीत तुमच्या अंदाजानं लिहा, घरी येऊन मग वाचा. आणि शेवटी शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीसमोर उभ्या राहा. ती १९५२ ची, दुर्गा बाजपेयींची. काँक्रीटची, दारावर लाटेसारखं पुढे झेपावलेलं छत, घुमट नाही, कमान नाही. मधल्या तीस वर्षांत देशात काय घडलं ते त्या छतावरही दिसतं.

हे करून मजा आली तर क्लास लावा. नाही आली तर हा विषय चहाबरोबर वाचण्यापुरताच ठेवलात तरी काही बिघडत नाही.

त्यानंतरच्या चार-सहा महिन्यांत महिन्यातून दोन वर्ग आणि एक फेरी, एवढंच झेपेल तुम्हाला. नोकरी, लोकल आणि घर धरून हे पुष्कळ झालं. विषयही एकच घ्या. भारतीय शिल्प, किंवा लघुचित्रं, किंवा मुंबईची आधुनिक चित्रकला. शिल्पापासून सुरुवात सोपी जाते, कारण मूर्तीला शरीर असतं आणि शरीर आपल्यालाही असतं. ती उभी आहे तसं उभं राहून बघता येतं. माझ्या गटातले बँकवाले, डॉक्टर, एक निवृत्त फौजदार, सगळे वस्तुसंग्रहालयात त्रिभंगात, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा असा तीन ठिकाणी बाक देऊन, उभे राहिलेले आहेत. सुरक्षारक्षकांना आता सवय झाली आहे.

आधुनिक चित्रांपाशी बहुतेकांची गाडी अडते. 'हे तर माझा मुलगाही काढेल' हे वाक्य मी अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर इतक्यांदा ऐकलंय, की त्याचीच वाट बघते. वाक्य आलं की मी म्हणते, छान, मग सांगा कसं काढेल? सगळ्यात खालचा थर कुठला, वरचा कुठला? कडा धारदार आहे की विरघळलेली? ब्रश दिसतो का कुठे? हळूहळू लक्षात येतं, की रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवलाय, पुन्हा काढलाय, आणि हे करायला कमालीचा संयम लागला असणार. चित्र आवडलंच पाहिजे असं नाही. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे या सहा कलावंतांनी १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांचीही सगळी चित्रं मला आवडत नाहीत. पण का आवडत नाही हे बोट दाखवून सांगता यायला हवं.

कुलाबा-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्यांबद्दल एक. काचेचं बंद दार आणि आतली शांतता बघून आपली माणसं बाहेरूनच परत फिरतात. बेल वाजवा. आत जायला पैसे लागत नाहीत आणि घ्यायचंय का असं कुणी विचारत नाही. चित्रांची यादी मागा, देतात. जहांगीरला तर प्रदर्शनं आठवड्याला बदलतात आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो, कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून. त्याच्याशी बोलणं हा फुकटातला सर्वांत चांगला क्लास आहे.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते सांगते म्हटलं होतं. तुम्हाला पदवी, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा किंवा संग्रहालयातली नोकरी हवी असेल तर माझ्यासारखीच्या वर्गांनी भागणार नाही. विद्यापीठाचा रीतसर अभ्यासक्रम किंवा संग्रहालयशास्त्राची पदविका करा. त्यात वाचन, परीक्षा, तळटीपा सगळं आलं. आवडीपुरतं हवं असेल तर त्या वाटेला जाऊ नका, तळटीपांनी आवड मारलेली मी पाहिली आहे. पैशाची ओढाताण असेल तर क्लास सोडा आणि फेऱ्या ठेवा, कारण वाचन घरी करता येतं, घारापुरी घरी आणता येत नाही. पाय किंवा गुडघे साथ देत नसतील तर उलट करा.

आणि मुंबईच हवी असं अजिबात नाही. हा प्रश्न मला नागपूर-कोल्हापूरहूनही येतो. नागपूरला १८६३ पासूनचं संग्रहालय, अजब बंगला, आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. रोमन जगातला समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा पोचला, या एका प्रश्नावर महिनाभर क्लास चालेल. सातारा जिल्ह्यात औंधला, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या भवानी संग्रहालयात, रविवर्मा आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर एकाच छपराखाली आहेत. परदेशातल्यांनीही हळहळू नये. जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्यातल्या काही लंडनमध्ये आगीत जळाल्या, उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भिंतीवरचे काही भाग नंतर गळून गेले, त्यामुळे काही ठिकाणी अजिंठा बघायला त्या प्रतींचाच आधार घ्यावा लागतो.

राहता राहिली मुलगी. जरूर आणा, पण मोठ्यांच्या फेरीत नको. दोन तास गप्प उभं राहणं नऊ वर्षांच्या पोरीला शिक्षा आहे. तिला वेगळं न्या, पाऊण तास, तीन वस्तू, आणि प्रत्येक वस्तूत तिनं तुम्हाला काहीतरी शोधून दाखवायचं. लेबल तिनं वाचायचं नाही, तुम्हीही नाही. आमच्याकडे एकदा अशीच एक मुलगी आजीबरोबर आली होती. महिषासुरमर्दिनीच्या शिल्पासमोर तिला विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, "रेडा दमलाय." मी तिथे किती वर्षं आयुधं मोजत होते. रेड्याच्या तोंडाकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.